फक्त फावड्याचा आवाज येतो

तिसऱ्यांदा ते इंजिन दुकानात आलं तेव्हा कानवाली दचकली आणि त्याच क्षणी तिचे गालही तापले. भीती आणि आनंद एकदम चेहऱ्यावर आले की माणूस जरा खुळाच दिसतो. तिला ते ठाऊक होतं, म्हणून तिने डोळ्याला भिंग लावलं आणि मान खाली घातली.

"परत आवाजाचंच," दातांचा डॉक्टर म्हणाला. पुठ्ठ्याचा खोका त्याने इतक्या हळुवारपणे टेबलावर ठेवला की आत झोपलेलं मांजर असावं. "पण ह्या वेळी जरा विचित्र आहे. शिट्टी नाही, वाफ नाही, घंटा नाही. फक्त फावड्याचा आवाज येतो."

"फावड्याचा?"

"कोळसा टाकतात ना आत, ते फावडं. खर्र, धप्प. खर्र, धप्प. बाकी सगळं सामसूम. काल संध्याकाळभर मी नुसतं फावडं ऐकत बसलो होतो."

कानवालीला हसू आवरेना. भिंगामागे एक डोळा मोठा आणि एक लहान अशा अवस्थेत ती हसली आणि डॉक्टरही हसला. मग दोघंही एकदम गप्प झाले, कारण जिन्यावर मालकाची पावलं वाजली.

दुकान मॉडेल आगगाड्यांचं होतं. खेळण्यातल्या आगगाड्यांचं असं मालकासमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती; एका गृहस्थांनी म्हटलं होतं, त्यांना रिकाम्या हाताने बाहेर पडावं लागलं. खाली काउंटर होता, तिथे रूळ, गोंद, बोटभर झाडं आणि नखाएवढे प्रवासी मिळत. वर, खिडकीशी, दुरुस्तीचं टेबल. तिथे ही बसायची. कुठलंही इंजिन उघडण्याआधी ती ते रुळावर चालू करून कान जवळ नेऊन ऐकायची, त्यावरून तिचं नाव कानवाली पडलं आणि ते तिला मनापासून आवडायचं.

ही इंजिनं वीतभर लांबीची, पण त्यांचा थाट खऱ्यासारखा. पोटात एक नखाएवढी चकती असते, तिला डीकोडर म्हणतात. हातातल्या रिमोटवरून सोडलेला हुकूम रुळांमधूनच तिच्यापर्यंत जातो, आणि मग ती इंजिनाला पळवते, थांबवते आणि बटणाएवढ्या स्पीकरमधून भकभक, शिट्टी, घंटा, ब्रेकची करकर, सगळं काही वाजवते. त्या चकतीच्या आत शेकडो खाने असतात. प्रत्येक खान्याला नंबर, प्रत्येकात एक आकडा. कुठल्या खान्यात शिट्टीचा आवाज किती, कुठल्यात घंटेचा किती, हे त्या आकड्यांवर ठरतं. आणि आठव्या खान्यात आठ टाकलं की सगळं पुसलं जातं आणि चकती कारखान्यातून निघाली तशी कोरी करकरीत होते. ह्याला रीसेट म्हणतात. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे.

पहिल्यांदा डॉक्टर आला तेव्हा इंजिन मुकंच होतं. कानवालीने आठव्या खान्यात आठ टाकलं, आवाज आला, तिने इंजिनाला त्याचा बेचाळीस हा नंबर परत दिला आणि काम संपलं. चार मिनिटांचं काम. डॉक्टर म्हणाला, "आमच्याकडेही असंच असतं. रात्रभर दाढ ठणकते आणि माझ्या दारात पाऊल टाकलं की थांबते." त्यावर ती खळखळून हसली आणि चार मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला.

दुसऱ्यांदा आला तेव्हा इंजिन पुन्हा मुकं. तिने पुन्हा आठव्या खान्यात आठ टाकलं. आवाज आला, पण ह्या वेळी तिने मन लावून टोपण उघडलं, चाकं पुसली, स्पीकर बदलला, दोन तारांना नव्याने कथलाचा डाग दिला. डॉक्टर शेजारी स्टुलावर बसून बघत होता. तोंडाच्या आतली कामं करणाऱ्या माणसाला बारीक हत्यारांचं कौतुक असणारच. त्याने तिची चिमटी हातात घेऊन बघितली, तिने त्याला डाग कसा द्यायचा ते शिकवलं, आणि घड्याळात एक तास दहा मिनिटं कुठे गेली ते दोघांनाही कळलं नाही. ते मालकाला मात्र कळलं.

आणि आता ही तिसरी खेप.

मालक वर आला, खोक्याकडे बघितलं, डॉक्टरकडे बघितलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली दुरुस्तीची वही काढली. ही वही म्हणजे मालकाचा धर्मग्रंथ. तिच्यात एकच नियम होता: एकच तक्रार घेऊन एखादं इंजिन तिसऱ्यांदा परत आलं तर दोष इंजिनाचा नाही, टेबलाचा. कानवालीच्या आधीचा मिस्त्री असाच गेला होता. तो चांगले भाग काढून नवे बसवायचा आणि नव्याला दोष द्यायचा.

डॉक्टरला पेशंट बघायचे होते, तो जिना उतरून गेला. जाताना दोनदा वळला. मालकाने तेही मोजलं.

"शनिवारी पाचपर्यंत मला कारण पाहिजे," मालक म्हणाला. "'ठीक केलं' असं नको. कारण. का बिघडतं, कशाने बिघडतं. नाही सापडलं तर सोमवारपासून तू खाली. झाडं आणि गोंद. दुरुस्त्या मी बाहेर देईन."

"काका, तुम्ही मला ओळखता ना?"

"ओळखतो म्हणून तर शनिवार दिला. नाहीतर आत्ताच सांगितलं असतं."

मालक खाली गेला. कानवाली टेबलाकडे बघत राहिली. ह्या टेबलाच्या कडेला तिच्या कोपरांनी दोन गुळगुळीत खळगे पडले होते. ह्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात तिने पहिलं इंजिन उघडलं होतं, आणि आत सगळं इतकं नेटकं, इतकं इवलंसं होतं की त्या रात्री आनंदाने तिला जेवण गेलं नव्हतं. खाली जाऊन झाडं विकायची? डझनाने? तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचा रागही आला.

राग आला की ती कामाला लागायची. तिने इंजिन तपासणीच्या हातभर रुळावर ठेवलं, रिमोट घेतला, आणि सवयीने तिचं बोट आठव्या खान्याकडे निघालं.

तिथेच ती थांबली. वही उघडी होती. तिच्याच अक्षरात दोन ओळी होत्या. पहिल्या भेटीपुढे, "रीसेट केलं. ठीक." दुसऱ्या भेटीपुढे, "रीसेट केलं. स्पीकर बदलला. ठीक."

"अगं गाढवे," ती स्वतःलाच म्हणाली.

दोन्ही वेळा तिने आधी पुसलं होतं आणि मग बघितलं होतं. चोरी झालेल्या घरात शिरून आधी फरशी पुसावी आणि मग पायाचे ठसे कुठे गेले म्हणून शोधत बसावं, तसला हा शहाणपणा. दुरुस्ती करणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ही खोड असते, कारण रीसेटने काम होतं, आणि काम झालं की कारण कोण विचारतो? मालक विचारतो.

तिने उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि डाव्या हाताने एकेक खाना वाचायला घेतला. वाचताना इंजिन जागच्या जागी एक हिसका देतं, म्हणजे ते उत्तर देत असतं. शिट्टीचा खाना: हिसका, शून्य. घंटेचा: हिसका, शून्य. वाफेचा, ब्रेकचा, पाणी भरण्याचा: शून्य, शून्य, शून्य. अकरा खाने ओळीने शून्य. आणि फावड्याच्या खान्यात आकडा पूर्ण, शिगोशीग भरलेला.

चाकं मळली की आवाज तुटतो. तार सुटली की आवाज जातो. स्पीकर फाटला की तो घोगरा येतो. पण अकरा खाने ओळीने शून्य आणि बारावा भरलेला, हे कुठल्याही मळाचं किंवा तारेचं काम नव्हतं. हे माणसाच्या हाताचं काम होतं. कुणीतरी रिमोट घेऊन, पुस्तक उघडून, एकेक खाना शोधून, सावकाश, मुद्दाम हे केलं होतं.

कुणी? घरात रिमोट कुणाकडे असतो? डॉक्टरकडे. त्याच्या घरी दुसरं कोण होतं? त्याची आत्या, बस. त्याने दुसऱ्या भेटीत सांगितलं होतं, आई-वडील लहानपणीच गेले, आत्याने वाढवलं. म्हणजे एक वयस्कर बाई आणि हा.

म्हणजे हाच.

कानवालीने चिमटी टेबलावर ठेवली, ती खाली पडली, ती उचलायला वाकली तर डोकं टेबलाला आपटलं आणि ती जमिनीवर बसूनच हसायला लागली. चांगला शिकलासवरलेला माणूस, लोकांच्या दाढा काढतो, आणि घरी बसून अकरा खाने शून्य करतो? कशासाठी? दुकानात यायला कारण पाहिजे म्हणून? म्हणजे तिच्याकडे?

उरलेला दिवस तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. खाली काउंटरवर एका बाईंना सहा झाडं हवी होती, त्यांना तिने अठरा बांधून दिली. मालकाच्या चहात तिने साखर दोनदा घातली आणि तो काही बोलला नाही, कारण त्याला तसाच आवडायचा. घरी आईने विचारलं, "काय गं, एकटीच का हसतेस?" तर म्हणाली, "फावडं आठवलं." आईने तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

शुक्रवारी सकाळी मात्र दात घासताना तिच्या डोक्यात दुसरा उजेड पडला. ह्या माणसाच्या गमतीपायी आपलं टेबल चाललंय! आणि वहीत काय लिहायचं? कारण: ग्राहकाला दुरुस्ती करणारी आवडते? मालकाला झीट आली असती. तिच्या नाकावर राग आला, ओठांवर हसू तसंच राहिलं, आणि असा चेहरा घेऊन तिने अकराही खाने भरले, इंजिन तपासलं आणि डॉक्टरला फोन केला.

"उद्या दुपारी मीच घेऊन येते. तुमच्या रुळावर तपासायला हवं."

पलीकडे काहीतरी खणकन खाली पडलं. मग तो म्हणाला, "या. नक्की या. म्हणजे, यायलाच हवं."

बघा, कसा सापडला, कानवालीने मनाशी म्हटलं.

शनिवारी चारला ती पोचली. खाली दवाखाना, तो बंद होता, वर घर. दार तिने वाजवायच्या आत उघडलं. दारात एक ठेंगणी, तुकतुकीत चेहऱ्याची बाई उभी होती, चष्मा दोरीने गळ्यात लोंबत होता.

"आलीस! ये, ये. चपला असू दे तिथेच. तूच ना ती, इंजिन कानाला लावणारी?"

"आत्या, तिला आत तरी येऊ दे," आतून डॉक्टर म्हणाला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं.

आगगाडीची खोली बघून कानवाली क्षणभर आपण कशाला आलो तेच विसरली. पलंगाएवढ्या टेबलावर अख्खा मुलूख पसरला होता. डोंगर दातांचे साचे करायच्या प्लास्टरचे, पांढरे शुभ्र. बोगद्याचं तोंड दाढा कोरायच्या यंत्राने कोरलेलं, आतून असं घासून चकचकीत केलेलं की गाडी जबड्यातच शिरते आहे असं वाटावं. डोंगरामागे गाडी अडकली तर बघायला काठीला लावलेला गोल आरसा होता, तोच, जो तो लोकांच्या तोंडात घालतो.

तिने इंजिन रुळावर ठेवलं. डॉक्टरने रिमोट उचलला. इंजिनाने एक लांब उसासा टाकला, शिट्टी दिली, घंटा वाजवली आणि भकभक करत बोगद्यात शिरलं. आवाज खणखणीत होता. आत्याबाई दारात उभ्या होत्या, त्या "वा" म्हणाल्या आणि बिस्किटं आणायला गेल्या. त्यांचा "वा" जरा पडलेला होता, पण तिकडे लक्ष द्यायला कानवालीला फुरसत नव्हती. तिने दीर्घ श्वास घेतला.

"डॉक्टर, आता कबूल करून टाका."

"काय?"

"अकरा खाने. एकेक करून शून्य करायला वीस मिनिटं तरी लागतात. वीस मिनिटं कुणी उगाच घालवत नाही." मध्येच थांबावंसं तिला वाटलं, पण गाडी आता थांबण्यातली नव्हती. "दुकानात यायचं होतं ना? मग नुसतं यायचं होतं. मी काही हाकलून दिलं नसतं. चिमटी बघायला आलो म्हणायचं. काहीही म्हणायचं. पण माझ्या टेबलावर गदा आणायची नव्हती."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला. त्याचे कान आधी लाल झाले, मग गळा, मग उरलेला भाग.

"मी केलं?" तो म्हणाला. "मला तर ह्यातलं काहीच येत नाही. मला वेग आणि शिट्टी, एवढंच येतं. ते पुस्तक मी कधी उघडलंही नाही. हे बघा." त्याने टेबलाखालचा खण ओढला आणि रिमोटचं जाडजूड पुस्तक तिच्या हातात दिलं.

न उघडलेलं पुस्तक मधोमध आपोआप उघडलं. त्या पानावर केसांचा आकडा खूण म्हणून लावला होता. समासात पेन्सिलीने, बारीक सरळ अक्षरात, एकाखाली एक नंबर लिहिलेले होते, अकरा, आणि प्रत्येकापुढे टिकमार्क. बाराव्यापुढे लिहिलं होतं: "हा राहू द्यावा."

डॉक्टरच्या डोक्यावर केस मुळातच कमी होते, तेव्हा तो आकडा त्याचा असण्याचा प्रश्नच नव्हता.

कानवालीला कळायला एक क्षण लागला आणि दुसऱ्या क्षणी तिला त्या जबड्यासारख्या बोगद्यात शिरून कायमचं राहावंसं वाटलं. काय बोलून बसलो आपण! ह्याने काहीच केलं नव्हतं. हा खरोखरच इंजिन बिघडलं म्हणून येत होता, आणि आपण ह्याच्या घरात उभं राहून, तोंडावर, ह्याला सांगितलं की तू माझ्यासाठी येतोस!

"पान एकशे चौदा," दारातून आत्याबाई म्हणाल्या. हातात बिस्किटांचा डबा घट्ट धरला होता. "त्याचा काही दोष नाही गं. मीच."

"आत्या!"

"ओरडू नकोस. बत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ह्याचा नंबर त्याला जोड, त्याचा ह्याला. मला काय अवघड आहे त्यात? पहिल्यांदा मी दुपारी पडले होते आणि ती शिट्टी डोक्यात गेली, म्हणून पुस्तक काढलं आणि आवाज बंद केला. एवढंच. म्हटलं ह्याला कळेल, हा मला विचारेल. हा इंजिन घेऊन तुझ्याकडे आला."

"मग पुढच्या वेळी?" कानवालीने विचारलं.

आत्याबाईंनी डबा खाली ठेवला. "हा दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून असतो. त्यांना बोलता येत नाही, आणि ह्याची बोलायची सवयच गेली. जेवताना मी बोलायचं आणि ह्याने हूं म्हणायचं, वर्षानुवर्षं. त्या दिवशी तुझ्याकडून आला आणि ताट वाळेपर्यंत बोलला. स्पीकर कसा असतो, डाग कसा देतात, ती आधी ऐकते आणि मग उघडते. मी बघतच राहिले. इंजिन गप्प झालं आणि माझा भाचा बोलायला लागला. मग मी काय करायचं होतं, तूच सांग."

 इंजिन तेवढं भकभक करत फेऱ्या मारत होतं.

"आणि फावडं?" डॉक्टरने हळूच विचारलं.

"सगळंच बंद केलं की ती चटकन दुरुस्त करते. म्हटलं एक चालू ठेवावं, बिचारीला कोडं पडेल, तुला जास्त वेळ बसता येईल."

कानवाली हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं, कारण भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस कमी होते. तिने टेबलाचं सांगितलं. वहीचं, तिसऱ्या खेपेचं, पाच वाजेपर्यंतचं. आत्याबाईंचा तुकतुकीत चेहरा एकदम उतरला.

"अगं, मला काय ठाऊक! मी तुला इथे आणायला बघत होते आणि तिथून उठवायला निघाले?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नंबर सांग दुकानाचा."

"आत्याबाई, राहू द्या, मी बोलते काकांशी."

"नंबर."

त्यांनी फोन लावला, पाठ ताठ केली, आणि त्या ठेंगण्या बाईच्या तोंडून असा स्वच्छ, गोड, हुकमी आवाज निघाला की डॉक्टरही सावरून उभा राहिला. "नमस्कार. दुरुस्तीची वही समोर घ्यावी. बेचाळीस नंबरचं इंजिन. कारण लिहून घ्या. ग्राहकाच्या आत्याने पान एकशे चौदा वाचून आवाज शून्य केला. तिन्ही वेळा. हो, आत्याने. वय एकोणसत्तर. नाही, हात लागला नाही, हात लावला. दुरुस्तीत काही खोट नाही. तुमच्या दुकानातल्या मुलीने ठसे ओळखून घरी येऊन चोर पकडला. लिहिलंत? वाचून दाखवा."

पलीकडून मालकाने वाचून दाखवलं असावं, कारण त्या मध्ये एकदा "शून्य, शुन्न नव्हे" म्हणाल्या. मग त्यांनी फोन रुळाजवळ धरला. "ऐकायचं म्हणतायत."

कानवालीने रिमोट घेतला आणि शिट्टी दिली. लांब, भरघोस, खोलीच्या काचा थरथरतील अशी. मग तिने घंटा वाजवली, वाफ सोडली, ब्रेक करकरवले, सगळं एकापाठोपाठ, आणि शेवटी फावडंही. फोनमधून मालकाचा आवाज आला, आणि तो खोलीत सगळ्यांना ऐकू गेला, कारण मालक फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचा.

"तिसरी खेप खोडली! टेबल तुझंच! पण हे इंजिन चौथ्यांदा माझ्या जिन्यावर दिसलं तर आत्या, भाचा आणि तू, तिघांना झाडं विकायला बसवीन!"

कानवालीचा जीव भांड्यात पडला. तिला त्या प्लास्टरच्या डोंगराला मिठी मारावीशी वाटली. तिने आत्याबाईंना मारली.

"बिस्किटं संपली, आणते," आत्याबाई म्हणाल्या आणि भरलेला डबा घेऊन आत गेल्या.

मग खोलीत दोघंच उरली, आणि इंजिन. कानवालीने हत्यारांची पिशवी आवरायला घेतली. एका स्क्रू ड्रायव्हरला पिशवीत जायला किती वेळ लागतो? तिने भरपूर वेळ लावला. मघाशी ती जे बोलून गेली होती ते हवेत तसंच लोंबकळत होतं, आणि कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. डॉक्टरने काठीचा आरसा उचलला, पुसला, परत ठेवला. इंजिन मात्र अखंड बडबडत होतं. आता सगळं ठीक होतं. आता त्याला दुकानात यायला काही कारण उरलं नव्हतं, आणि चौथ्यांदा यायची सोयही नव्हती.

तिने पिशवीचा बंद ओढला. "येते मग," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. तिला वाईट वाटलं, अगदी सरळ वाईट वाटलं, आणि ती दाराकडे वळली. दाराशी पोचेपर्यंत शिट्टी बंद पडली. तिला वाटलं, भास झाला. मग घंटा गेली. मग बऱ्याच वेळाने, मध्ये एकदा "हे कुठलं बटण" असं पुटपुटणं ऐकू आलं आणि वाफ गेली. कानवाली जागच्या जागी थांबली. तिने वळून बघितलं नाही. ऐकणं हेच तर तिचं काम होतं. ब्रेक गेले. पाणी गेलं. एकेक आवाज खोलीतून उठून गेला, आणि शेवटी काळं इंजिन चूपचाप फेरी मारताना उरलं एकच. खर्र, धप्प. खर्र, धप्प.

ती वळली. डॉक्टरच्या एका हातात रिमोट होता, दुसऱ्यात पुस्तक, पान एकशे चौदा, आणि केसांचा आकडा त्याने दातांत धरला होता. कपाळावर घाम होता.

"आवाज गेला," आकडा काढून तो म्हणाला.

"कुणी घालवला?"

"ह्या वेळी मी."

कानवालीने ओठ घट्ट मिटून धरले, पण उपयोग नव्हता, डोळे हसतच होते. "चौथ्यांदा दुकानात आणता येणार नाही."

"नाही ना. तुम्हालाच इथे यावं लागेल."

तिने पिशवी परत टेबलावर ठेवली आणि बंद सोडला. स्टूल ओढून ती बसली, शेजारचं दुसरं स्टूल तिने पायाने त्याच्याकडे सरकवलं, आणि त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"रीसेट करणार नाही मी," ती म्हणाली. "एकेक खाना वाचून भरायचा. अकरा आहेत. वेळ लागेल."

"लागू दे," डॉक्टर म्हणाला, आणि बसला, आणि बोलायला लागला.